प्रतिसाद: भाव वाढतात, पण तेवढंच नाही

'मेट्रो आली की नुसते जागांचे भाव वाढतात' हे अर्धंच खरं. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. त्याआधी आम्ही घाटकोपरहून ३४० नंबरच्या बसमध्ये लटकत, साकीनाक्याच्या सिग्नलला घाम पुसत अंधेरी गाठायचो. आता वर्सोव्यापर्यंतचा अख्खा मार्ग वीस-बावीस मिनिटांत, तोही एसीत!

पण याच मार्गावरच्या असल्फ्याचं बघा. टेकडीवरची वस्ती मेट्रोच्या खिडकीतून दिसायला लागली, म्हणून तिच्या दर्शनी भिंती रंगवल्या गेल्या. पोरं सेल्फी काढायला यायला लागली. (रंग छानच होते, वाद नाही.) गळकं छप्पर मात्र खिडकीतून दिसत नाही. भाव वाढल्याचा आनंद घरमालकाला. भाडेकरू अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की बोचकं उचलून आणखी आत सरकतो, स्टेशनपासून शेअर रिक्षाच्या अंतरावर.