आठ कॅमेरे, ४ टीबी डिस्क: रेकॉर्डिंग ९ दिवसांतच पुसलं जातं आणि रात्री चित्रात ठोकळे

रानवाट (प्रश्न)
आठही सीसीटीव्ही कॅमेरे ४ मेगापिक्सेलचे, एनव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) ४ टीबीची एकच डिस्क. मेन स्ट्रीम (पूर्ण दर्जाचं चित्र): २५६० × १४४०, एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), सेकंदाला २५ फ्रेम, सीबीआर (कायम सारखा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचा डेटा) ४०९६ केबीपीएस, आय-फ्रेम (पूर्ण चित्र असलेली फ्रेम) इंटरव्हल १००. सब स्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचं छोटं, हलकं चित्र): ७०४ × ५७६, एच.२६५, २५ फ्रेम, १०२४ केबीपीएस. हिशेबाने ११ दिवस बसायला हवेत, पण ९ दिवसांतच जुनं पुसलं जातं. रात्री चित्रात ठोकळे दिसतात. बाहेरून मोबाइलवर आठही एकत्र उघडले की अडकतं. अपलोड १० एमबीपीएस आहे. बिटरेट वाढवू का?

तिसरा डोळा
वाढवू नका. ४०९६ केबीपीएस म्हणजे दिवसाला साधारण ४४ जीबी, आठांचे ३५४. तुमचे ११ दिवस इथून आले. सब स्ट्रीमही रेकॉर्ड होत असेल तर कॅमेऱ्यामागे आणखी ११ जीबी, म्हणजे एकूण ४४२, आणि ९ दिवस बरोबर जुळतात. एनव्हीआरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये स्ट्रीमचा प्रकार 'दोन्ही' असेल तर फक्त मेन ठेवा.

मग मेन स्ट्रीम १५ फ्रेमवर आणा, सीबीआरऐवजी व्हीबीआर (गरजेप्रमाणे कमी-जास्त होणारा बिटरेट), कमाल २०४८. दिवसाला जास्तीत जास्त १७७ जीबी, म्हणजे कमीत कमी २२ दिवस. चित्र सतत हलत नसेल तर याहून जास्तच.

फ्रेम कमी करताना हमखास राहून जातं ते आय-फ्रेम इंटरव्हल. तो आकडा बहुतेक कॅमेऱ्यांत सेकंदांत नसून फ्रेममध्ये असतो. २५ फ्रेमला १०० म्हणजे ४ सेकंद. १५ फ्रेमला तोच १०० म्हणजे जवळपास ७. कॅमेरा उघडल्यावर जास्तीत जास्त तेवढा वेळ काळा पडदा, आणि एखादं पॅकेट गळालं तर पुढची आय-फ्रेम येईपर्यंत करडे ओघळ. ३० ठेवा.

मोबाइलचं गणित सरळ आहे: आठ गुणिले १०२४ म्हणजे ८ एमबीपीएसच्या वर, त्यात ऑडिओ आणि बाकीचा वापर. सब ६४० × ३६०, १० फ्रेम, २५६ करा; आठ मिळून २ एमबीपीएस. शिवाय ७०४ × ५७६ हे १६:९ नाही, म्हणून त्यात माणसं उभट दिसतात.

काजळमाया
२०४८ सरसकट नको. गेटवरच्या कॅमेऱ्याला ४०९६ राहू द्या, झाडं हलतात तिथेही. नंबरप्लेट वाचायची असेल तर फ्रेम वाढवून काही होत नाही, शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद लागतं आणि त्या प्रमाणात उजेडही.

रात्रीच्या ठोकळ्यांचं मूळ बिटरेटमध्ये नाही. अंधारात सेन्सर गेन (सिग्नलची ताकद) वाढवतो, चित्रात मुंग्या येतात, आणि एन्कोडरला (व्हिडिओ दाबणारा भाग) ती प्रत्येक मुंगी हालचालच वाटते. सगळे बिट त्यावर खर्ची पडतात, चेहऱ्याला काही उरत नाही. गेनची कमाल मर्यादा १०० वरून ५०-६० वर आणा, नॉइज रिडक्शन (मुंग्या पुसणारी सेटिंग) मध्यम ठेवा (फार वाढवलं तर चालणाऱ्या माणसामागे भुतासारखी सावली ओढली जाते). हे करण्याआधी एक फडकं घेऊन जा: काचेवरचं कोळ्याचं जाळं इन्फ्रारेडमध्ये पांढरंफटक चमकतं आणि वाऱ्याने हललं की बिटरेट चढतो.

रानवाट
सब रेकॉर्डिंग खरंच चालू होतं. एक राहिलं: एनव्हीआरचं पान ब्राउझरमध्ये उघडलं तर सब स्ट्रीम काळी दिसते, मोबाइल अॅपमध्ये मात्र येते.

तिसरा डोळा
एच.२६५ सगळे ब्राउझर उलगडत नाहीत. सब स्ट्रीम एच.२६४ (जुनी, ब्राउझरना चालणारी पद्धत) करा, एवढ्या छोट्या चित्राला ३८४ केबीपीएस दिले की पुरतं. मेन एच.२६५ च राहू द्या, पण 'प्लस' किंवा 'स्मार्ट' कोडेक चालू असेल तर तो बंद करा. त्यात आय-फ्रेमचं अंतर कॅमेरा स्वतःच ताणतो आणि तुमचा ३० चा आकडा कागदावरच राहतो. बदल केल्यावर बरेच कॅमेरे रीस्टार्ट मागतात, तेव्हा आठही एकदम बदलू नका.