'पार्टनर प्रोटीन'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
आनुवंशिक कर्करोगावर मराठीत लिहितो आहे. बीआरसीए१, बीआरसीए२ या जनुकांच्या माहितीत 'पार्टनर प्रोटीन' (दुसऱ्या प्रथिनाला जोडून त्याच्याबरोबर काम करणारे प्रथिन) हा शब्द वारंवार येतो. मी 'साथीदार प्रथिन' लिहिले आहे. चालेल का?

प्रतिसाद १
साथीदार नको. मराठीत चोराचा साथीदार पकडला जातो. 'कर्करोगा'शेजारी हा शब्द आला की ते प्रथिन रोगाला सामील आहे असे वाटते, आणि हा अर्थ अगदी उलटा आहे. डीएनएचे दोन्ही पेड एका जागी तुटले, तर ते बिनचूक सांधणारी ही प्रथिने, बीआरसीए जनुकांवरून बनणारी. (धागे म्हणण्यापेक्षा 'पेड' बरे, पीळ आपोआप दिसतो.) धोका वाढतो तो ती बिघडल्यावर. 'भागीदार'मध्ये नफातोटा डोकावतो. मी 'जोडीदार' लिहिते. बीआरसीए१ आणि १९९६ मध्ये सापडलेले त्याचे जोडीचे प्रथिन बार्ड१ यांना तो चपखल बसतो, कारण यातले एक नसेल तर दुसरेही पेशीत नीट टिकत नाही.

प्रतिसाद २
जोडीदार म्हटले की दोघेच डोळ्यांसमोर येतात. मग पॅलबी२चे काय? २००६ साली सापडलेल्या या प्रथिनाच्या नावाचा अर्थच 'बीआरसीए२चा पार्टनर आणि त्याला जागेवर नेणारा' असा आहे. ते एकीकडे बीआरसीए१ला धरते, दुसरीकडे बीआरसीए२ला. मग बीआरसीए२ आरएडी५१ला (हेही दुरुस्तीतले प्रथिन) तुटलेल्या पेडावर बसवते. पॅलबी२च्या जनुकाची एक प्रत सदोष असली तरी स्तनाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. दोन्ही प्रती सदोष असल्या तर फॅन्कोनी अॅनिमिया (अस्थिमज्जा निकामी करणारा दुर्मीळ आनुवंशिक आजार) होतो. अशा प्रथिनाला मी 'दुवा' म्हणेन.

प्रतिसाद १
दुवा पटला. आणखी एक अडचण आहे, जोड्या नेहमी बरोबरीच्या नसतात. लिंच सिंड्रोममध्ये (मोठे आतडे, गर्भाशय अशा कर्करोगांचा धोका वारशाने येतो ती स्थिती) एमएलएच१ आणि पीएमएस२ ही डीएनएच्या नकलेतल्या चुका सुधारणारी प्रथिने पाहतात. गाठीचा नमुना तपासताना एमएलएच१ नाहीसे झालेले असले, तर पीएमएस२ही सहसा दिसत नाही. पीएमएस२ गेले तरी एमएलएच१ मात्र राहते, कारण त्याला इतर जोडीदार आहेत. तिथे 'पीएमएस२ एमएलएच१च्या आधाराने टिकते' असे वाक्यच लिहावे, एका शब्दाचा हट्ट नको.
आणि 'आनुवंशिक कर्करोग' हाही जपून वापरा. आईवडिलांकडून येते ती जनुकाची सदोष प्रत, कर्करोग नव्हे.

प्रश्नकर्ता
वाक्य बदलले: 'पॅलबी२ हा बीआरसीए१ आणि बीआरसीए२ यांच्यातला दुवा आहे, त्याच्या जनुकाची सदोष प्रत वारशाने आली, तर कर्करोगाचा धोका वाढतो.'