पोर्सिलेन व्हिनियर्स करावेत का? (पुणे, बजेट ४० हजार)

पांढरकवडा_एक्सप्रेस | ३ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. धागा दातांचा आहे, हसू नका. मी तर तोंड मिटूनच हसते.

वय २९, मूळची यवतमाळ जिल्ह्यातली, आता पुण्यात. लहानपणी घरच्या बोअरचं पाणी प्यायले, त्यात फ्लोराईड. वरच्या समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि खडूसारखे पांढरे ठिपके आहेत. मधल्या दोन दातांवर तर सुईच्या टोकाएवढे खळगे पडलेत. धाकटा भाऊ दहा वर्षांनी लहान, तोवर घरी नळ आला होता. त्याचे दात जाहिरातीतल्यासारखे. राखीच्या फोटोत शेजारी बसलो की घरात नळ कधी आला ते फोटोच सांगतो.

इथल्या एका डेंटिस्टने वरच्या आठ दातांना पोर्सिलेन व्हिनियर्स, म्हणजे दाताच्या पुढून चिकटवायची पातळ कवचं, सुचवलेत. दाताला बारा हजार, एकूण ९६. "आज ॲडव्हान्स भरलात तर ८५ मध्ये बसवू," असंही म्हणाले. माझ्याकडे ४० आहेत, हप्ते नकोत. क्लासमध्ये शिकवते, त्यामुळे दिवसभर पोरांसमोर तोंड उघडावं लागतं. कोणी केलेत का? दात किती घासतात? किती वर्षं टिकतात?

जुना_पुणेकर | ३ जून, रात्री १०:३१

आमच्या आजोबांनी आयुष्यभर राखुंडी लावली. ८४ व्या वर्षी सुपारी फोडायचे. हे सगळे धंदे आहेत.

एडिसनची_वैनी | ३ जून, रात्री ११:०५

कर गं बिनधास्त! मी मागच्या डिसेंबरात पुण्यात आले तेव्हा दहा करून घेतले. इकडे अमेरिकेत एका दाताला हजार-दीड हजार डॉलर सांगतात, दहांच्या पैशात अख्ख्या कुटुंबाची भारतवारी होते. आणि आठ करू नकोस, दहा कर. हसताना कडेचे दात दिसतातच. शेड एकदम पांढरी घे, ब्लीचवाली. आयुष्यात एकदाच करायचं तर कंजुषी कशाला?

खवचट_खारूताई | ३ जून, रात्री ११:०९

वैनी, ती ४० म्हणतेय. हजारात, डॉलरात नाही.

मन्या_सातारकर | ४ जून, सकाळी ७:४८

माझा अनुभव ऐका. दोन बसवले होते. सातव्या महिन्यात भाजलेलं कणीस खाताना टक् करून आवाज आला. मला वाटलं दाणा कडक आहे. थुंकून बघतो तर तळहातावर नखाएवढी पांढरी टिकली, आणि जिभेला खालचा दात खरखरीत लागतोय. टिकली कागदात गुंडाळून घेऊन गेलो. अख्खी होती म्हणून साफ करून परत चिकटवली, तुटली असती तर नवीन करावी लागली असती. नंतर कळलं, मी झोपेत दात खातो. बायको चार वर्षं सांगत होती, मला वाटायचं टोमणा मारतेय. आता रात्री दातांवर गार्ड घालून झोपतो. तुम्ही झोपेत दात खाता का, ते आधी घरच्यांना विचारा.

सुहास_काका | ४ जून, सकाळी ९:२०

मीही २०१५ साली चार बसवले, झिर्कोनियाचे. मस्त चाललेत. ऊस खातो. दात चारही बाजूंनी घासून छोटा केला आणि वर टोपी बसवली. घाबरू नकोस.

खवचट_खारूताई | ४ जून, सकाळी ९:२६

काका, त्याला कॅप म्हणतात. व्हिनियर फक्त पुढच्या बाजूला चिकटवतात.

सुहास_काका | ४ जून, सकाळी ९:४१

पैसे मी दिले, दात माझे. आमच्या डॉक्टरांनी व्हिनियरच म्हटलं होतं.

एडिसनची_वैनी | ४ जून, सकाळी ९:५५

खारूताई बरोबर आहे. माझी मैत्रीण स्वस्तात पडतं म्हणून तुर्कस्तानात जाऊन आली. व्हिनियर सांगून सगळ्या दातांना कॅपच घातल्या. आतले दात खुंट्यांसारखे झालेत बिचारीचे.

सुहास_काका | ४ जून, सकाळी १०:०२

माझे खुंटे ठणठणीत आहेत.

डॉ_दंतकथा | ४ जून, दुपारी २:१५

दोन पेशंटच्या मध्ये वेळ मिळाला म्हणून लिहितो. तोंड न बघता निदान करत नाही, पण काही गोष्टी सर्वांनाच लागू आहेत.

व्हिनियर म्हणजे साधारण ०.३ ते ०.७ मिमी जाडीचं पोर्सिलेनचं पापुद्र्यासारखं कवच. ते दाताच्या पुढच्या बाजूला रेझिन सिमेंटने चिकटतं. त्याला जागा करायला इनॅमल (दातावरचं कडक आवरण) थोडं उतरवावं लागतं, आणि इनॅमल नखासारखं परत वाढत नाही. म्हणजे एकदा केलं की हा दात कायमचा व्हिनियरवाला किंवा कॅपवाला. नीट केलेलं दहा-पंधरा वर्षं सहज जातं. तुमचं वय २९ आहे, तेव्हा आयुष्यात दोन-तीनदा बदलावं लागेल हे धरून चाला. ९६ हजार हा पहिला हप्ता आहे, ताई.

दुसरं, चिकटण्याची सगळी ताकद इनॅमलवर असते. ॲसिड लावून ते सूक्ष्म खरबरीत करतात, मग सिमेंट धरतं. खोल घासून खालचं डेंटिन (दाताचा आतला थर) उघडं पडलं की पकड कमी आणि ठणका जास्त. फ्लोरोसिसच्या, म्हणजे फ्लोराईडने बिघडलेल्या, इनॅमलवर ॲसिड नीट चढत नाही, त्यामुळे काम करणाऱ्याला याची सवय हवी.

तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. फ्लोरोसिसचा तपकिरी डाग बऱ्याचदा वरवरचा असतो. ॲसिड आणि बारीक पावडरीने अगदी पातळ थर घासून काढतात, त्याला मायक्रोॲब्रेजन म्हणतात. त्यानंतर ब्लीचिंग. पांढऱ्या ठिपक्यांवर रेझिन मुरवण्याचाही उपाय आहे. आधी हे करून बघा, उरेल त्याचा विचार मग. ब्लीचिंग केलं तर चिकटवण्याचं काम दोन आठवडे थांबवा, आणि शेड ब्लीचिंगनंतरच ठरवा. पोर्सिलेनला ब्लीच लागत नाही. एकदा बसलेला रंग तोच राहतो.

आणि "आजच भरा" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

मोगरा७ | ४ जून, दुपारी ३:०२

डॉक्टरांना अनुमोदन. मी कंपोझिट (दाताच्या रंगाचा रेझिनचा लेप) केलं होतं, एका बैठकीत झालं, दाताला साडेतीन हजार. दोन वर्षांत चहाने कडा पिवळ्या पडल्या. पण पॉलिश करता येतं, तुकडा उडाला तर तिथल्या तिथे भरता येतो. आधी दात साफ करून घ्या मात्र.

विदर्भवीर | ४ जून, संध्याकाळी ६:३०

अवांतर: दाताचं सोडा, पाण्याचं बोला. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराईडची मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. आमच्याकडं फ्लोराईडवाल्या हापशांना लाल रंग फासून जायचे, पण दुसरं पाणी नसलं तर माणूस काय करंन? पुण्यात ८५ हजारांत दात होतात, तेवढ्यात आमच्या वाडीचा फिल्टर झाला असता.

जुना_पुणेकर | ४ जून, संध्याकाळी ६:४४

उकळून प्यायचं.

डॉ_दंतकथा | ४ जून, संध्याकाळी ७:१०

उकळल्याने फ्लोराईड जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. आणि हे डाग दात हिरडीच्या आत तयार होत असताना पडतात, साधारण आठव्या वर्षापर्यंत. राखुंडीने तर मुळीच जात नाहीत.

बहुश्रुत_बंड्या | ४ जून, रात्री ९:३३

ही कल्पना हॉलिवूडची, हे कोणीच लिहिलं नाही? १९२८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातले दंतवैद्य चार्ल्स पिंकस नटांच्या दातांवर तात्पुरती कवचं कवळीच्या पावडरीने चिकटवायचे. शूटिंग संपलं की काढून ठेवायची. ॲसिडने इनॅमल खरबरीत करायची युक्ती बुओनोकोर यांनी १९५५ ला दाखवली. पोर्सिलेनलाही आतून ॲसिड लावायचं तंत्र १९८० च्या दशकात आलं, तेव्हा कुठे ती पक्की बसू लागली.

खवचट_खारूताई | ४ जून, रात्री ९:३५

मन्याचं कणीस १९२८ चं दिसतंय.

पांढरकवडा_एक्सप्रेस | ५ जून, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, न घासता आधी कसं दिसेल ते बघता येतं का? आणि मन्यादादा, मी एकटी राहते, झोपेत दात खाते का ते कोणाला विचारू?

डॉ_दंतकथा | ५ जून, रात्री ११:२०

येतं. मॉक-अप मागा. मेणाचा नमुना करून त्यावरून तात्पुरतं प्लास्टिक दातांवर बसवतात. ते लावून बोला, फोन करा, 'स' आणि 'फ' म्हणून बघा. शेड खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात ठरवा, लिपस्टिक पुसून. दात खाता का ते त्यांच्या कडांवरून कळतं. तुमच्या केसमध्ये मी म्हणेन, मायक्रोॲब्रेजन करा, खळगे कंपोझिटने भरा आणि पाच वर्षं पोर्सिलेनचं नाव काढू नका.

एडिसनची_वैनी | ६ जून, सकाळी ६:१५

डॉक्टर लोक एकमेकांचे पाय ओढतात. दहा कर.

लातूरची_लेक | ६ जून, दुपारी १:००

डेंटल कॉलेजच्या ओपीडीत का नाही बघत? एमडीएसचे (पुढचं शिक्षण घेणारे डेंटिस्ट) विद्यार्थी करतात, वर प्राध्यापक उभे असतात. वेळ फार जातो, तीन तासांची एक खेप, पण पैसे निम्म्याहून कमी.

पांढरकवडा_एक्सप्रेस | १९ ऑगस्ट, रात्री ९:४०

धागा वर काढतेय. झालं एकदाचं.

दुसऱ्या डेंटिस्टकडे गेले. मायक्रोॲब्रेजनच्या दोन बैठका, सहा हजार. तपकिरी पट्टे फिकट बिस्किटाच्या रंगाचे झाले आणि कडेच्या दातांवर तर शोधावे लागतात. मधल्या दोघांचे खळगे मात्र जिभेला लागत होते. मग आठांचा मॉक-अप करून बघितला. आरशात कोणी बातम्या देणारी बाई बसली होती. पाच मिनिटांत काढायला लावला.

शेवटी फक्त मधल्या दोघांना पोर्सिलेन, २८ हजार. एकूण ३४. डॉक्टरांनी पाच वर्षं थांबायला सांगितलं होतं, वैनींनी दहा सांगितले होते, दोघांचंही ऐकलं नाही, माफ करा. शिवाय लॅबवाल्याला सांगून त्या दोन व्हिनियरमध्ये दोन-तीन फिके पांढरे ठिपके घालून घेतले, शेजारच्या दातांवर आहेत तसेच. तो म्हणाला, लोक ठिपके घालवायला पैसे देतात. पण नुसते पांढरे बसवले असते तर ते दोनच चमकले असते. आईला फोटो पाठवला. तिनं विचारलं, काम कधी आहे तुझं?

एडिसनची_वैनी | १९ ऑगस्ट, रात्री ११:५८

पैसे देऊन डाग?? अगं काय हे.

डॉ_दंतकथा | २० ऑगस्ट, सकाळी ८:३०

घाई केलीत असंच म्हणेन. पण त्या लॅबवाल्याचा नंबर खाजगी निरोपात पाठवा.

सुहास_काका | २० ऑगस्ट, सकाळी ९:१२

माझी एक टोपी हलतेय. इथेच विचारू की नवा धागा काढू?