नताशा केलर: स्वतःच्या खेळाने मोठी की घराण्यामुळे?

उजवी विंग: काल जर्मनीच्या हॉकी प्लेअर नताशा केलरचा विषय निघाला आणि एकजण सरळ बोलून गेला की आडनाव केलर होतं म्हणून तिचा एवढा गवगवा झाला. मला हे अजिबात पटलेलं नाही. ४२५ इंटरनॅशनल मॅच, २०९ गोल, १९९६ ते २०१२ सलग ५ ऑलिम्पिक, आडनाव बघून कुठली गोलकीपर बॉल सोडते सांगा!

हाफलाइन: घराणं बाजूला कसं ठेवणार पण? आजोबा एर्विन १९३६ च्या सिल्व्हरवाल्या टीममध्ये (ध्यानचंद आणि मंडळींनी ८-१ ने धुतलेली तीच), वडील कार्स्टन १९७२ ला म्युनिकमध्ये गोल्ड जिंकलं तेव्हा कॅप्टन, भाऊ आंद्रेआसला १९९२ चं गोल्ड. असं घर कितीजणींना मिळतं? आणि ५ ऑलिम्पिक खेळून मेडल एकच. सिडनीला सातवे, लंडनला परत सातवे.

शॉर्ट कॉर्नर: आणि त्या एका मेडलचंही बघा, अथेन्स २००४ च्या फायनलमधले दोन्ही गोल तिचे नाहीत. आंके क्यून आणि फ्रान्झिस्का गुडेचे आहेत.

उजवी विंग: मान्य, दोन्ही गोल त्यांचेच. पण १९९९ ला एफआयएचने (हॉकीची जागतिक संघटना) तिला जगातली बेस्ट प्लेअर निवडलं ना, तेव्हा गळ्यात ऑलिम्पिक मेडल कुठे होतं? आणि ते "एकच" मेडल म्हणजे जर्मनीच्या बायकांचं हॉकीतलं आजवरचं एकमेव ऑलिम्पिक गोल्ड आहे हो. लीगमध्ये हॉलंडने ४-१ ने हरवलेलं, सेमीफायनलला चीनशी ०-० होऊन पेनल्टी स्ट्रोक्सवर जिंकले, आणि फायनलला त्याच हॉलंडला २-१!

टर्फवरची: मी स्वतः फॉरवर्ड खेळायचे म्हणून सांगते, गोल कोणाच्या नावावर लागला एवढंच बघू नका, डिफेंडर कोणाच्या मागे धावतात तेही बघा. आणि आजोबा खेळले तेव्हा काय, वडील खेळले तेव्हाही ऑलिम्पिकमध्ये बायकांचं हॉकी नव्हतंच, ते आलं १९८० ला. मग त्या घरातल्या मुलीला रस्ता तयार मिळाला असं कसं म्हणता?

हाफलाइन: हा मुद्दा बरोबर आहे, माझ्या डोक्यात नव्हता आला. तरी आंद्रेआसकडे गोल्डशिवाय १९८४ आणि १९८८ ची सिल्व्हर पण आहेत, मी त्यालाच वर ठेवणार.

उजवी विंग: ठेवा की. पण २०१२ ला लंडनमध्ये पूर्ण जर्मन टीमचा झेंडा ३५ वर्षांच्या नताशाच्या हातात होता, तो काय आंद्रेआसची बहीण म्हणून दिला?