माळ्यावर सापडलेलं ३०२५ : बॅटलटेकची पुस्तकं वाचलेलं कुणी आहे का इथे?

आमची नौपाड्यातली बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. महिनाअखेर घर रिकामं करायचंय, म्हणून रविवारी माळ्यावर चढलो. बंब, शिवणयंत्राचं झाकण, कुणाचीतरी कुबडी, आणि दहावीच्या गाइडांखाली एक झेरॉक्सचं बाड. स्पायरल गंजलेलं, वरचं प्लास्टिक पिवळं पडलेलं. टेक्निकल रीडआउट ३०२५, म्हणजे बॅटलटेकच्या काल्पनिक जगातल्या युद्धयंत्रांची ३०२५ सालची यादी. शिडीवरच बसलो वाचत. बायको खालून विचारतेय, 'काय आहे? टाकायचं का ठेवायचं?' उत्तरच देता येईना.

१९९४, मी नववीत. मित्राचा मामा बोटीवर होता, त्याने कुठल्यातरी बंदरातून हे पुस्तक आणलं. मूळ १९८६ चं, शिकागोच्या फासा कंपनीचं. मामाला वाटलं यंत्रांचं आहे, पोराला इंजिनिअरिंगला उपयोगी पडेल. आम्ही चौघांनी पैसे काढून गोखले रोडवर झेरॉक्स काढली, दोन-दोन पानं एका कागदावर. पैसे एका प्रतीपुरतेच, म्हणून आठवड्याची पाळी लावली. माझी पाळी गणपतीच्या आठवड्यात आली तेव्हा आरतीला मला शोधायला माणूस पाठवावा लागला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माणूस आत बसून चालवतो अशी अवाढव्य चालती यंत्रं. वीस टनांपासून शंभर टनांपर्यंत. एकेका यंत्राचं चित्र, चिलखत किती, शस्त्रं कुठली, कुठल्या लढाईत काय झालं, कोण नावाजलेला चालक. सगळं असं गंभीरपणे लिहिलेलं की जणू त्या जगातल्याच कुणा कारकुनाने फाइल तयार केलीय. आमचे बाबा इतिहास शिकवायचे. त्यांनी एकदा माझ्याकडून सगळी गोष्ट ऐकून घेतली. मोठं साम्राज्य कोसळलं, आता पाच घराणी गादीसाठी भांडतायत वगैरे. म्हणाले, 'तख्त रिकामं आणि दावेदार पाच. हे आमच्याही पुस्तकात आहे, फक्त घोडे आहेत.'

आता खरी गंमत. हा मुळात खेळ आहे. पट, फासे, नियम. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, नुसती यंत्रांची यादी. मग नियम आम्हीच रचले. पट म्हणजे बिल्डिंगची गॅलरी. तिथे जुन्या षटकोनी फरश्या आहेत, एक फरशी एक घर. कॅरमच्या सोंगट्या म्हणजे यंत्रं, स्ट्रायकर म्हणजे शंभर टनांचा अ‍ॅटलस. फासा सापशिडीतला, एकच, तो दोनदा टाकायचा. पुढे बऱ्याच वर्षांनी खरा पट पाहिला तर तोही षटकोनांचाच, एक षटकोन ३० मीटर, आणि फासे दोनच. अंगावर काटा आला.

बाड बॅगेत भरलं. फरश्या कशा नेणार.

तुमच्याकडे कुणी वाचायचं का हे? कादंबऱ्या, घराण्यांची पुस्तकं, काहीही चालेल. लिहा.

खारीबिस्किट
चार्जर!!! ८० टनांचा धटिंगण आणि हातात काय तर पाच छोटे लेझर. सगळं वजन इंजिनातच. आमच्या वर्गात एकाला तेच नाव पडलं, अजून तेच आहे. आता त्याचा मुलगा बारावीला आहे.

ठाणेलोकल
त्या यंत्रांना Mech म्हणतात, त्याचा तुम्ही उच्चार काय करायचात? आम्ही 'मेच' म्हणायचो. कुणी बोललेलं कानावर पडलंच नव्हतं ना.

खारीबिस्किट
आम्ही मेख. मेखवॉरियर 😂 आमच्या बाजूच्या काकांना वाटायचं तंबूचं काहीतरी चाललंय.

सेक्टर_सतरा
अगं बाई, हा धागा माझ्यासाठीच निघालाय. कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते.

आम्ही वाशीला राहायचो. ९२ साली रेल्वे आली आणि मुंबईला जाणं सोपं झालं. कॉलेजात असताना महिन्यातून एकदा व्हीटीला उतरून फोर्टच्या फुटपाथवर पुस्तकं बघायची, हा माझा ठरलेला चैनीचा कार्यक्रम. तिथे एकदा कव्हरवर यंत्र असलेली जाडजूड कादंबरी दिसली. वीस सांगितले, बाराला दिली. घरी आल्यावर कळलं की ही तीन भागांतली मधली. पहिला भाग दोन वर्षांनी मिळाला, तोवर आधी काय झालं असेल ते मीच रचलेलं होतं, आणि खरं सांगू, माझंच बरं होतं.

खेळ वगैरे मला काही माहीत नव्हता. मी नताशा केरेन्स्कीसाठी वाचायचे. भाडोत्री फौजेची कप्तान, लाल केस, कुणाच्या बापाला न घाबरणारी, टोपणनाव ब्लॅक विडो. आईने विचारलं काय वाचतेस, मी सांगितलं काळी विधवा. आई दोन दिवस बोलली नाही. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली होती ना.

पुढचे भाग मिळालेच नाहीत. लग्न होऊन नेरूळला आले, मग राहिलंच.

ठाणेलोकल
नताशा म्हणजे दैवत. ३०५७ मध्ये मेली तेव्हा मी जेवलो नव्हतो.

सेक्टर_सतरा
मेली????

ठाणेलोकल
अरेरे. सॉरी ताई. ९५ सालचं पुस्तक आहे हो ते, मला वाटलं सगळ्यांना माहीत असेल.

शंकेखोर
स्पॉयलर देताना आधी सांगत जा.

ठाणेलोकल
तीस वर्षं झाली राव!!

सेक्टर_सतरा
माझ्या लेखी ती इतकी वर्षं जिवंत होती हो. मोठीला कॉलेजात घातलं, सासूबाईंचं आजारपण काढलं, आणि कधी फार कंटाळा आला की वाटायचं, ती तिथे कुठेतरी आपलं वॉरहॅमर यंत्र घेऊन धुडगूस घालत असेल. आत्ता भात उतरवताना कळतंय. असो. शिट्ट्या पाच झाल्या.

खारीबिस्किट
ताई 🙏 भाताचं काय झालं?

सेक्टर_सतरा
खिचडी म्हणून खपवलाय.

गवतीचहा
विषयाचं माहीत नाही पण नौपाड्यात बिल्डर भाडं किती देतोय? आमच्या चरईतल्या सोसायटीत दोन वर्षं नुसत्या मीटिंगा चालल्यात. कॉर्पस मिळाला का?

धागाकर्ता
@गवतीचहा, व्यनि (खासगी निरोप) करतो. इथे सुरू केलं तर हा धागा पुन्हा यंत्रांवर येणार नाही.

लेथवाला
माझे वडील वागळे इस्टेटमध्ये टर्नर. त्यांच्या शॉपमध्ये एक जुनं विलायती लेथ होतं. बनवणारी कंपनी बंद, मॅन्युअल कुणी पाहिलेलं नाही, आणि त्याची नस फक्त एका म्हाताऱ्या फोरमनला माहीत. तो सुट्टीवर गेला की लेथला हात लावायचा नाही असा नियमच होता. एकदा गिअरचा दात तुटला तर भंगारातल्या दुसऱ्या मशीनचा गिअर घासूनपुसून बसवला. वडील तो दिवस पोरगा झाल्यासारखा सांगतात.

म्हणून मला त्या पुस्तकातली लढाई कधीच फार महत्त्वाची वाटली नाही. ३०२५ सालच्या लोकांना आजोबा-पणजोबांची यंत्रं नव्याने फारशी बनवता येत नाहीत. जोडकाम करत चालवायची, एकाचा हात काढून दुसऱ्याला लावायचा, घराण्याचं यंत्र मोडलं की वारस रस्त्यावर. लेसर-बिसर सगळे लिहितात हो. मोडक्या मशीनची काळजी ज्याने लिहिली, तो कधीतरी शॉपफ्लोअरवर उभा राहिलेला असणार असं मला अजून वाटतं.

आणि ते फोनवाले आठवतात का? कॉमस्टार. ग्रहाग्रहांत निरोप पाठवायची विद्या फक्त त्यांच्याकडे, आणि त्यांनी तिचा धर्मच करून टाकलेला, झगे घालून मंत्र म्हणत यंत्र चालू करायचं. वडिलांना सांगितलं तर हसलेच नाहीत. आमच्याकडे फोनचा नंबर लागायला सात वर्षं गेली होती.

शंकेखोर
वाचतोय पण एक कळत नाही. खेळ खेळलात नाही, गोष्ट अर्धीच वाचलीत, मग आठवण नेमकी कशाची?

खारीबिस्किट
आता हे ऐक. हान्स डेव्हियन म्हणून एक राजा. लग्न ठरलं दुसऱ्या घराण्यातल्या मेलिसा स्टायनरशी. ३०२८, पृथ्वीवर थाटाचं लग्न, पाचही घराणी पाहुणे. जेवणं चालू असताना हा उठतो आणि बायकोला म्हणतो, तुला आहेर म्हणून लिआओ घराण्याचं राज्य देतो. लिआओ तिथेच बसलाय!! आणि फौजा आधीच निघालेल्या.

आमच्या आजीला सांगितलं तर म्हणाली, 'मग रुखवतात काय मांडलं होतं?'

आठवण कशाची विचारतोस, हिची.

ऐरोली_बस
मी तुमच्यापेक्षा लहान, मी कॉम्प्युटरवरून आलो. मेकवॉरियर २, ऑफिसमधून भावाने आणलेली सीडी, ९७-९८ असेल. त्यातल्या रायफलमन नावाच्या यंत्राच्या चालकाची दया यायची, सगळी शस्त्रं एकदम चालवली की यंत्रच तापून बसणार. उष्णता बाहेर टाकायला हीट सिंक दहाच, म्हणजे एका वेळी दहाच एकक बाहेर, आणि नुसत्या दोन मोठ्या लेझरांचीच उष्णता सोळा एकक. मे महिन्यातली ठाणे-वाशी लोकल म्हणजे रायफलमन.

मग पुस्तकं शोधायला लागलो तर एक घोळ. नव्या पुस्तकांत जुनी चित्रंच नाहीत. मराउडर, वॉरहॅमर, सगळे गायब. मला वाटलं रद्दीवाल्याने पानं फाडली, त्याच्याशी भांडून आलो. पुष्कळ उशिरा कळलं की ती चित्रं जपानी कार्टूनांमधून घेतलेली होती, हक्कांवरून कोर्टकचेरी झाली आणि १९९६ च्या सुमारास कंपनीने ती वापरणंच सोडलं. रद्दीवाल्याची माफी मागायची राहिली.

धागाकर्ते, तुमच्या बाडात मराउडर आहे ना? ते जपा.

धागाकर्ता
आहे. त्याच्या चिलखताच्या आकड्यांशेजारी पेन्सिलने '+१०' लिहिलंय, अक्षर माझं नाही. कुणीतरी आपल्या पाळीत स्वतःचं यंत्र मजबूत करून घेतलं होतं! कोण ते मला माहीत आहे. तो आता न्यू जर्सीत ऑडिटर आहे.

खारीबिस्किट
😂😂😂 फोटो पाठव त्याला.

धागाकर्ता
पाठवला. 'हस्ताक्षर जुळत नाही' असं उत्तर आलंय.

पाणथळ
माझी पाच पुस्तकं होती, त्यात स्टायनर आणि कुरिटा घराण्यांची दोन जाडी. २६ जुलै २००५ ला तळमजल्यावर कमरेएवढं पाणी. आई, बाबा आणि फ्रिज एवढंच वर नेता आलं. दोन दिवसांनी पुस्तकं उघडायला गेलो तर पानं उघडेचनात, आर्ट पेपर चिकटून वीट झाली होती. कुरिटाची वीट बरीच वर्षं दाराला अडकण म्हणून वापरली. फासा कंपनी २००१ ला बंद झाली होती, पुन्हा घ्यायची तर कुठून, असं तेव्हा वाटलं. आता पीडीएफ मिळतात म्हणे. घेतल्या नाहीत.

सेक्टर_सतरा
@पाणथळ, 😔

@ठाणेलोकल, रात्री झोप आली नाही म्हणून विचारते. कशी मेली?

ठाणेलोकल
लढताना, ताई. म्हातारी झाली होती पण यंत्रातच होती.

सेक्टर_सतरा
मग ठीक आहे.

ऐरोली_बस
कुणाकडे जादा पट असेल तर एखाद्या रविवारी तलावपाळीला भेटूया का? माझ्याकडे सध्याच्या आवृत्तीचा नवशिक्यांचा संच आहे, कुणी खेळायलाच मिळत नाही. आधी मामलेदारची मिसळ.

लेथवाला
मी येतो. वडिलांना आणलं तर चालेल का? नियम तेच लवकर शिकतील.

खारीबिस्किट
मिसळ नक्की, खेळाचं बघू.

धागाकर्ता
महिनाअखेरच्या आत या, गॅलरीतच खेळू. फरश्या अजून आहेत. सोंगट्या सात सापडल्यात, स्ट्रायकर नाही.

गवतीचहा
स्ट्रायकर माझ्याकडे आहे. येताना घेऊन येईन, त्या निमित्ताने ॲग्रीमेंटची कॉपीही बघता येईल.