क्रोएशियातल्या दुब्रोवनिकला गेलेल्यांनो, आपापले अनुभव लिहा

"फार सुंदर आहे" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या. सुरुवात माझ्यापासून.

२०२३च्या जूनमध्ये जुन्या शहराच्या तटावर चढले. तिकीट ३५ युरो! हात आखडला, पण काढलं. तट १९४० मीटरचा आणि फिरायचं एकाच दिशेनं. वरून कौलं दिसतात. काही मातकट, विटकी; बहुतेक भडक केशरी. ही केशरीच फोटोत छान येतात म्हणून मी तीच टिपत होते. खाली पिले दरवाज्याजवळच्या नकाशावर कळलं, की युगोस्लाव सैन्याच्या १९९१-९२च्या वेढ्यात कुठल्या छपरावर गोळा पडला, कुठलं घर जळालं. नवी कौलं त्यांचीच.

•

आम्ही गावातच एका आजींकडे खोली घेतली होती. मी नळ सोडून दात घासत होतो. आजी आल्या, नळ बंद केला आणि काही न बोलता गेल्या. राग आला मला. संध्याकाळी त्यांच्या मुलानं सांगितलं, वेढ्यात पाणी आणि वीज दोन्ही तुटलं होतं. तेव्हापासून वाहता नळ त्यांना बघवत नाही.

•

स्त्रादुनवर, म्हणजे जुन्या शहराच्या मुख्य रस्त्यावर, कोल्हापुरी घालून जाऊ नका. शतकानुशतकं पावलांनी घासून दगडाचा आरसा झालाय. पावसाची एक सर आली आणि मी भर चौकात बसले. बाकी मस्त.

•

गडकिल्ल्यांचा नाद असेल तर तटाबाहेरचा लोव्हरियेनाक चुकवू नका, त्याच तिकिटात होतो. समुद्राकडची भिंत १२ मीटरपर्यंत जाड, शहराकडची जेमतेम ६० सेंटिमीटर. किल्लेदारच उलटला तर शहरातून तोफा डागून भिंत पाडता यावी म्हणून, असं सांगतात. फितुरीचा इतका रोखठोक बंदोबस्त मी आपल्याकडे पाहिला नाही.

•

मी गोव्याची, कुंभारजुव्याजवळची. आमच्या गवंडाळीचं सां ब्रासचं चर्च रगूसाच्या, म्हणजे जुन्या दुब्रोवनिकच्या, दर्यावर्द्यांनी बांधलं असं लहानपणापासून ऐकलेलं. दुब्रोवनिकला गेले तर तोच संत, तिथल्या नावानं स्वेती व्लाहो, हातात अख्खं शहर धरून दरवाज्यावर उभा! त्याच्या चर्चमधल्या बाईंना मी फोनवर आमच्या चर्चचा फोटो दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो मोठा करून पाहिला. मग, त्याच्या सणाला गळ्याला आशीर्वाद देतात तशी, दोन बोटांची फुली गळ्याला लावून विचारलं, "तीन फेब्रुवारी?"

मी मान हलवली. त्यांनी शेजारच्या बाईला हाक मारली.