सॉफ्टवेअरमधून सार्वजनिक आरोग्य आणि डिजिटल हेल्थकडे वळायचंय, आधी काय शिकू?

माळरान

बॅकएंडवर चार वर्षं काम झालंय: पायथन, पोस्टग्रेस, एपीआय. आरोग्य क्षेत्राशी संबंध अजिबात आलेला नाही. रुग्णालयांचं बिलिंग किंवा व्यायामाची अ‍ॅप करायची नाहीत. लसीकरण, क्षयरोग, माता-बाल आरोग्य यांच्या नोंदी आणि साथरोग सर्वेक्षण, अशा प्रणालींवर दीर्घकाळ काम करायचं आहे. एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) केल्याशिवाय इथे कुणी उभं करतं का? नोकरी मिळण्याआधी हात बसवायला नेमकं काय करावं? आठवड्याला आठ-दहा तास देता येतील. एफएचआयआर (आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीचं मानक) आणि एआय यांपैकी आधी कशाला हात घालू?

उंबरठा

दोन्ही बाजूला ठेवा. पहिले दोन महिने एकच गोष्ट शिका: आरोग्याचा आकडा जन्माला कसा येतो. कोड लिहिणारे पुष्कळ सापडतात. अंश आणि छेद कुठून आले हे विचारणारे फार कमी, आणि प्रणाली फसतात त्या तिथेच.

तीन डोसांच्या एखाद्या लसीची टक्केवारी घ्या. अंश म्हणजे रजिस्टरमध्ये तिसरा डोस घेतलेली बाळं. छेद म्हणजे त्या भागात वर्षभरात अपेक्षित असलेली बाळं, आणि हा आकडा बहुतेक वेळा जुन्या जनगणनेवरून पुढे वाढवत आणलेला असतो. वस्ती वाढली पण छेद तोच राहिला की टक्केवारी ११२ वर जाते. नवखा प्रोग्रामर याला बग समजून १०० वर कापतो, आणि छेद चुकला आहे हे सांगणारी एकमेव खूण पुसली जाते. ११२ तसेच दिसू द्या, शेजारी इशारा दाखवा.

तसंच गळतीचं. पहिल्या डोसातून तिसरा वजा करायचा, पहिल्याने भागायचं. १० टक्क्यांच्या वर गेलं तर मुलं एकदा येतात आणि परत येत नाहीत असा अर्थ. उत्तर ऋण आलं तर नोंदी तपासा किंवा बाहेरच्या भागातली मुलं येताहेत का ते पाहा. मात्र हा हिशोब एका महिन्यावर करू नका. दोन डोसांत किमान चार आठवडे जातात, म्हणजे पहिला आणि तिसरा यांत किमान आठ. एकाच महिन्यातले पहिले आणि तिसरे डोस वेगवेगळ्या मुलांचे असतात. म्हणून वर्षाचे आकडे घ्या.

तिसरी गोष्ट, रुग्णाची व्याख्या. संशयित, संभाव्य, निश्चित हे तीन प्रकार आणि कोणत्या तारखेला कोणती व्याख्या लागू होती, हे प्रत्येक नोंदीसोबत साठवलं पाहिजे. १२ फेब्रुवारी २०२० रोजी चीनच्या हुबेई प्रांतात एका दिवसात १४,८४० नवे कोविड रुग्ण नोंदले गेले. त्यांतले १३,३३२ प्रयोगशाळेची पुष्टी नसताना वैद्यकीय निदानावर मोजलेले होते, कारण त्या दिवसापासून तेही मोजायचं ठरलं. आलेखात दिसलेली ती उडी विषाणूची नव्हती, व्याख्येची होती. डेटाबेसात व्याख्येचा रकाना नसेल तर दोन वर्षांनी हे कुणालाच कळणार नाही.

अभ्यासाला एपिडेमिऑलॉजीचा (साथरोगशास्त्राचा) कोणताही पायाभूत अभ्यासक्रम चालेल. इन्सिडन्स (नवे रुग्ण) आणि प्रिव्हॅलन्स (एकूण असलेले रुग्ण) यांतला फरक, वयानुसार प्रमाणीकरण, अभ्यासात शिरणाऱ्या पूर्वग्रहांचे (बायस) प्रकार, चाळणी चाचण्यांचं गणित इतकं पक्कं झालं की पुढे जा. हिशोब हाताने, कागदावर करा.

पाटी_पेन्सिल

उंबरठा यांच्याशी सहमत, पण दोन महिने नुसतं वाचत बसू नका. सोबत एक फॉर्म बनवा. ओडीके किंवा कोबोटूलबॉक्स (फोनवर माहिती गोळा करायची साधनं) घ्या आणि गर्भवतीच्या तपासणीचा फॉर्म एक्सएलएसफॉर्ममध्ये, म्हणजे एक्सेल शीटवर फॉर्म मांडायच्या पद्धतीत, लिहा. तीन शीटं असतात: सर्व्हे, चॉइसेस, सेटिंग्ज. तांत्रिक भाग एका संध्याकाळचा आहे. वेळ जातो तो पुढच्या निर्णयांत.

मर्यादा किती घट्ट ठेवायची? हिमोग्लोबिन ७ ते १६ मध्येच घ्यायचं ठरवलंत, तर ज्या बाईचं ५ आहे तिचं ७ लिहिलं जाईल, कारण कार्यकर्तीला फॉर्म पुढे न्यायचा असतो. जिला तातडीने रक्त द्यायला हवं, नेमकी तीच यादीतून गायब. म्हणून अशक्य आकडेच अडवा, साधारण ३ च्या खाली आणि २० च्या वर. दुर्मीळ पण शक्य आकड्याला 'पुन्हा खात्री करा' एवढंच विचारा. 'तपासणी झाली नाही' हा वेगळा पर्याय द्या, कारणासकट: किट संपलं, बाई आली नाही, नकार दिला. रिकामी जागा आणि शून्य यांत फरक राहिला नाही तर तो डेटा वापरायच्या लायकीचा राहत नाही.

जन्मतारीख माहीत नसेल तर बहुतेक प्रणाली १ जानेवारी टाकतात. टाका, पण 'तारीख अंदाजे' अशी खूण सोबत साठवा. तसंच पर्यायांचे कोड काम सुरू झाल्यावर बदलू नका. कोड ३ चा अर्थ मार्चमध्ये एक आणि एप्रिलमध्ये दुसरा झाला तर जुनं विश्लेषण हाती राहत नाही. नवा कोड जोडा, जुना लपवा.

मग फोन विमान मोडवर टाकून वीस फॉर्म भरा. मध्येच फोन बंद करा, घड्याळ दोन दिवस मागे न्या, सिंक अर्ध्यात तोडा. सर्व्हरवर वीसच नोंदी आल्या पाहिजेत. ओळख क्रमांक फोनवरच तयार व्हावा, आणि फोनची वेळ व सर्व्हरची वेळ दोन्ही साठवा.

पुढचे पाच आठवडे डीएचआयएस २. ओस्लो विद्यापीठात विकसित झालेली ही प्रणाली सत्तरहून जास्त देशांत आरोग्य नोंदींसाठी चालते, आणि तिचा खुला डेमो सर्व्हर आहे. स्वतःच्या मशीनवर डॉकरने चढवा आणि रिकाम्यापासून बांधा: तीन पातळ्यांची आरोग्य केंद्रं, डेटा एलिमेंट (मोजायची प्रत्येक बाब), वय-लिंगाचे वर्ग, मासिक अहवाल, चार निर्देशक, एक डॅशबोर्ड. इथे हमखास अडायला होतं अशा जागा सांगतो. आकडे भरूनही आलेख रिकामा दिसतो, कारण अ‍ॅनालिटिक्स टेबलं पुन्हा तयार केलेली नसतात. औषधसाठ्याची बेरीज चुकते, कारण साठा सगळ्या केंद्रांचा मिळवायचा असतो पण महिन्यांचा मिळवायचा नसतो. तिथे काळासाठी शेवटचा आकडा आणि ठिकाणांसाठी बेरीज असा प्रकार निवडावा लागतो. तिसरी अडचण वर्गांच्या गुणाकाराची. पाच वयोगट, दोन लिंगं आणि चार निदानस्थिती म्हणजे एका ओळीला ४० चौकटी. अशा वीस ओळी झाल्या की परिचारिकेपुढे दर महिन्याला ८०० चौकटी येतात. जो वर्ग कुठल्याच निर्णयाला लागत नाही तो काढून टाका. आणि डेटा भरून झाल्यावर वर्गरचना बदलू नका; जुने आकडे जुन्या रचनेला चिकटलेले राहतात आणि अहवालातून नाहीसे होतात.

फाइलींचं ज्ञानही कमी लेखू नका. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले इंग्लंडमधले १५,८४१ कोविड रुग्ण दैनंदिन आकड्यांतून निसटले, कारण एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६ च्या पुढे ओळी बसत नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध तेवढा उशिरा सुरू झाला. प्रत्येक टप्प्यावर आत किती ओळी आल्या आणि बाहेर किती गेल्या, हे मोजण्याची सवय लावून घ्या.

माळरान

हे फारच उपयोगी. एफएचआयआरचं मात्र राहिलं. जेसन आणि रेस्ट एपीआय रोजचेच आहेत, त्यामुळे सर्व्हर चढवून चार रिसोर्स (एफएचआयआरमधले नोंदींचे साचे) बनवले की ते जमलं असं म्हणता येईल का?

जोडरस्ता

नाही. तुम्हाला सोपा वाटतो तो भाग खरंच सोपा आहे. अवघड आहे तो अर्थ जुळवणं.

रक्तदाबाची एक नोंद स्वतः लिहून पाहा. एक ऑब्झर्वेशन (निरीक्षणाचा रिसोर्स), त्याला लॉइंकचा, म्हणजे तपासण्यांच्या प्रमाणित कोडयादीतला, ८५३५४-९ कोड. आत दोन घटक: वरचा दाब ८४८०-६, खालचा ८४६२-४. दोन्हींना यूकम या एककं लिहायच्या प्रमाणित पद्धतीतलं एकक. आता रक्तातली साखर घ्या. एक प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर देते, दुसरी मिलिमोल प्रति लिटर, आणि दोन्हींत सुमारे १८ पट फरक आहे. १२६ आणि ७ हे एकच मूल्य. जुन्या डेटाबेसात एककाचा रकानाच नसेल तर ७ म्हणजे काय हे तुम्हाला प्रयोगशाळेत जाऊन विचारावं लागेल. कोड लिहून हे सुटत नाही. या कामात निम्मा वेळ असाच विचारपूस करण्यात जातो, आणि ज्यांना त्याचा कंटाळा येतो त्यांनी या वाटेला येऊ नये.

एफएचआयआरची आवृत्ती आर ४ शिका. आर ५ मार्च २०२३ मध्ये आली असली तरी चालू प्रणाली मोठ्या संख्येने आर ४ वर आहेत. आजारांच्या वर्गीकरणाची आयसीडी-११ ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, पण कामात आयसीडी-१० सुद्धा भेटेल, आणि दोन्हींतले कोड एकास एक जुळत नाहीत. लॉइंक मोफत आहे. स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची कोडयादी वापरण्याआधी परवाना तपासा.

सरावासाठी सिंथिया या साधनाने हजार काल्पनिक रुग्ण तयार करा आणि हापी या एफएचआयआर सर्व्हरवर चढवा. रुग्णांच्या आधी रुग्णालयांच्या आणि डॉक्टरांच्या फाइली चढवायच्या, नाहीतर संदर्भ सापडत नाहीत म्हणून सगळं नाकारलं जातं. मग तीच नोंद दोनदा पाठवा. दोन रुग्ण तयार झाले तर तुमचं काम अपुरं आहे. सशर्त निर्मिती (नोंद आधी नसेल तरच नवी बनवणं) वापरून पुन्हा करा. शेवटी पन्नास रुग्णांची नावं मुद्दाम बिघडवा: स्पेलिंग बदला, आडनाव गाळा, जन्मवर्ष एकने सरकवा. आता जुळवणी लिहा. इथे एक तत्त्व पक्कं धरा. एका माणसाच्या दोन नोंदी राहिल्या तर गैरसोय होते. दोन माणसांची एक नोंद झाली तर एकाची अ‍ॅलर्जी दुसऱ्याच्या कागदावर जाते. शंका असेल तिथे आपोआप जोडू नका, माणसाकडे पाठवा.

खिडकीपाशी

एमपीएचबद्दल. अंमलबजावणी, एकत्रीकरण, डेटा इंजिनिअरिंग या कामांना ती अट सहसा नसते. मूल्यमापनाचं नेतृत्व, साथरोग विश्लेषण आणि आंतरराष्ट्रीय संस्थांमधली वरची पदं यांना पदव्युत्तर पदवी अनेकदा मागतात. म्हणून आधी दोन वर्षं काम करा, मग ठरवा. तेव्हा वर्गात विचारायला तुमच्याकडे प्रश्न असतील. क्षेत्रीय एपिडेमिऑलॉजीचं प्रशिक्षणही असतं, प्राथमिक पातळी सुमारे तीन महिन्यांची आणि प्रगत दोन वर्षांची, पण ते मुख्यतः आरोग्य यंत्रणेत आधीच असलेल्यांसाठी आहे.

मुलाखतीला जाताना अ‍ॅपचे स्क्रीनशॉट नेऊ नका. डेटा शब्दकोश न्या. प्रत्येक रकान्याची व्याख्या, एकक, कोण भरतं, कधी भरतं, त्यावरून कोणता निर्णय होतो, हे सगळं दोन पानांत. सोबत पडताळणीचा एक नमुना: रजिस्टर पुन्हा मोजल्यावर ९० आले, अहवालात १२० होते, गुणोत्तर ०.७५, म्हणजे फुगवलेला अहवाल; आणि तो का फुगला असेल याची तीन संभाव्य कारणं. हे दाखवणारा उमेदवार लगेच वेगळा दिसतो.

नोकरी स्वीकारण्याआधी तुम्हीही विचारा. निधी संपल्यावर सर्व्हर कोण चालवणार? कागदी रजिस्टर बंद होणार, की कार्यकर्ती दोन्हीकडे लिहिणार? दुहेरी नोंद कायम राहिली की अ‍ॅपवरचा डेटा महिनाअखेरीस एका बैठकीत भरला जातो आणि त्याचा काही उपयोग उरत नाही. अर्धवट प्रायोगिक प्रकल्पांचं जाळं इतकं वाढलं होतं की युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०१२ मध्ये समन्वय होईपर्यंत असे प्रकल्प थांबवायला सांगितलं. ज्या संस्थेकडे या प्रश्नांची उत्तरं नाहीत, तिथलं काम तीन वर्षांत पुसलं जाईल असं धरून चाला.

नाव आणि फोन नंबर काढला की डेटा निनावी झाला, हेही कधी म्हणू नका. पिन कोड, पूर्ण जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरतात, हे लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं. एचआयव्ही किंवा क्षयरोगाच्या यादीत हे कुणाच्या तरी घरापर्यंत पोचतं.

माळरान

शेवटचं, एआय. छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोग ओळखणं वगैरे कामांत घुसायला काय लागेल?

उंबरठा

मॉडेल शिकण्याआधी हा हिशोब करा. १०,००० लोक तपासले, त्यांत १ टक्का म्हणजे १०० आजारी. चाचणीची सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांना आजारी ओळखण्याचं प्रमाण) ९० टक्के, स्पेसिफिसिटी (निरोग्यांना निरोगी ओळखण्याचं प्रमाण) ९५ टक्के. आजाऱ्यांपैकी ९० पकडले गेले, १० सुटले. ९,९०० निरोगी लोकांपैकी ४९५ वर चुकीचा शिक्का बसला. यादीत ५८५ नावं आली आणि त्यांत खरे रुग्ण ९०, म्हणजे साधारण सहा-सातांत एक. पुष्टीची तपासणी दिवसाला ४० होत असेल तर ही यादी संपायला पंधरा दिवस लागतील. त्या पंधरा दिवसांत खऱ्या रुग्णांना कोण गाठणार, उरलेल्या ४९५ जणांना काय सांगायचं, हे ठरलं नसेल तर मॉडेल चालू करू नये.

आणि मॉडेल नेमकं कशाचा अंदाज बांधतं ते पाहा. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरलेली एक प्रणाली आजारपणाऐवजी उपचारखर्चाचा अंदाज बांधत होती असं दिसलं. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारपणात कमी खर्च झालेला असल्यामुळे प्रणाली त्यांना कमी आजारी ठरवत होती. दोष दुरुस्त केला तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं. तो दोष सापडला लक्ष्य म्हणून कोणता रकाना निवडला होता ते तपासल्यावर. तुमचा डेटाबेसचा अनुभव इथे थेट कामाला येईल: प्रशिक्षणाच्या डेटातला प्रत्येक रकाना कुणी, कशासाठी भरला होता हे शोधून लिहून ठेवणं. एक्स-रेच्या प्रकल्पात पहिल्या दिवशी हे विचारा की 'क्षयरोग आहे' हा शिक्का थुंकीच्या तपासणीवरून मारला होता की दुसऱ्या डॉक्टरने तोच एक्स-रे पाहून.